फोटोसारखा चेहरा, आठ दिवसांत

बावीस वर्षं मी वाहन परवान्याच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर बसतो. काम एवढंच: अर्जावरचा फोटो बघायचा, मग खिडकीपलीकडचा चेहरा बघायचा, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहेत की नाहीत ते ठरवायचं. नसतील तर अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहायचं, 'फोटो चेहऱ्याशी जुळत नाही.' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की एकदा भाजीच्या यादीखालीही हाताने आपोआप ते लिहून टाकलं होतं. लोक चिडतात, गयावया करतात. एका बाईंनी तर साक्षीला सासूला आणलं होतं. सासू म्हणाली, "हीच ती. काय करणार?" तरी मी अर्ज परत केला. नियम म्हणजे नियम. मला या कामाचा अभिमान होता. 'होता' का म्हणतो, ते आता सांगतो.

आमची एकुलती एक लेक परदेशात असते. तिचं पहिलंच बाळंतपण सहा आठवड्यांवर आलेलं, आणि आम्ही दोघांनी जायचं हे चार महिन्यांपूर्वीच ठरलेलं. बायकोचा पासपोर्ट चालू होता, कारण ती अशा गोष्टी वेळेवर करते. माझा कपाटात चादरींच्या घडीखाली शांतपणे मुदत संपून पडला होता. बायको एकटी जाणार नव्हती. "मला त्या सरकत्या जिन्यावर पाय टाकता येत नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही नसाल तर मी चिडायचं कुणावर?" म्हणजे माझा पासपोर्ट झाला नाही, तर लेकीजवळ आमच्यापैकी कुणीच असणार नव्हतं.

अर्जाला फोटो हवा म्हणून मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर म्हणाला, "काका, हलकासा हात फिरवतो." मला वाटलं, तो कॅमेऱ्याच्या काचेवर हात फिरवणार असेल. त्याने माझ्या तोंडावरून फिरवला. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, गालावरचे डाग गेले, केस काळेभोर झाले. फोटोत माझा धाकटा भाऊ वाटावा असा एक इसम बसला होता. मला धाकटा भाऊ नाही. पण बायको म्हणाली, "छान आलाय की," आणि लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य रोज ऐकायला मिळत नाही. मी भुललो. फोटो अर्जाला जोडला, बटण दाबलं, आठ दिवसांनी सकाळी अकराची भेट मिळाली.

संध्याकाळी आरशासमोर दाढी करताना माझ्यातला चार नंबरचा कारकून जागा झाला. हा अर्ज माझ्या खिडकीवर आला असता तर? उत्तर द्यायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. उजवा हात खिशात लाल पेन शोधायला लागला होता. पासपोर्टच्या कचेरीतही कुणीतरी माझ्यासारखा बसलेला असणार, आणि माझ्यासारखा माणूस काय करतो हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

मी मदत क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, एकदा जमा केलेला फोटो बदलता येत नाही. अर्ज रद्द करून नव्याने भेट घ्यावी लागेल."

"नवी भेट कधीची मिळेल?"

"सात आठवड्यांनंतरची."

बाळ सहा आठवड्यांत येणार होतं. मी विचारलं, "पण फोटोत आणि चेहऱ्यात थोडा फरक असेल तर?"

"फरक नसावा, सर," ती म्हणाली, आणि तिने दिलेल्या सेवेला मी किती गुण देईन असं विचारून फोन ठेवला.

बायकोने भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं होतं. "एवढं काय तोंड पाडून बसलात," ती म्हणाली. "फोटो बदलता येत नाही ना, मग चेहरा बदलू. आठ दिवस आहेत हातात." आणि तिने तिथूनच वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारली.

या काकूंना आमच्या इमारतीत सगळे लेपकाकू म्हणतात. स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू त्या आधी तोंडाला लावतात आणि उरली तर खातात. त्या आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि मी तिथे नसल्यासारखं बायकोला म्हणाल्या, "बरंच काम आहे. आधी कुणी लक्षच दिलं नाही." मला लग्नाच्या आधीपासून इतकं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहायला नको होतं असं वाटलं. हाक ऐकून समोरच्या घरातले केमिस्टकाकाही आले. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात उभे राहिल्यामुळे ते कुठल्याही उपायाला आधी शास्त्रीय विरोध करतात आणि मग स्वतःचा एक त्यात घालतात.

पहिल्या दिवशी बटाटा. डोळ्यांखाली बटाट्याच्या गार चकत्या ठेवून वीस मिनिटं पडायचं. मी पडलो आणि मला डोळा लागला. उठलो तेव्हा एकच चकती होती. दुसरी आम्ही उशीखाली, पलंगाखाली, सगळीकडे शोधली. शेवटी ती दुसऱ्या दिवशी कचेरीत सापडली. मी खिशातून पेन काढलं, आणि काळी पडलेली चकती टपकन खिडकीच्या फळीवर पडली. समोरच्या माणसाने ती दोन बोटांनी उचलून मला परत दिली. "आपली आहे," तो म्हणाला. त्याचा फोटो जुळत नव्हता, पण त्या क्षणी त्याला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पिशव्या होत्या तिथेच होत्या. आता डाग घ्यायचे ठरले. लेपकाकू म्हणाल्या लिंबू. केमिस्टकाका म्हणाले, लिंबू म्हणजे आम्ल, नुसतं लिंबू धोक्याचं, वर खायचा सोडा हवा. काकू म्हणाल्या सोड्याने कातडी ओढली जाते. दोघांचं माझ्या दिवाणखान्यात अर्धा तास वाजलं, आणि तडजोड अशी निघाली की आधी लिंबू, पाच मिनिटांनी सोडा, आणि मग गच्चीवर उन्हात बसायचं, म्हणजे डाग फिकट होतात. या तडजोडीत ज्याचं तोंड होतं त्याला कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून सकाळपासून गच्चीवर बसलो. सोडा फसफसायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागून शेजारची मंडळी मला बघून आपले कपडे काढून न्यायची. संध्याकाळी आरशात पाहिलं तर जुने डाग होतेच, शिवाय लिंबाचा रस जिथे जिथे ओघळला होता तिथे तिथे नवे तपकिरी पट्टे. मी केमिस्टकाकांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "उन्हात लिंबू लावायचं नसतं, हे मला आता आठवतंय."

"मग तेव्हा का नाही आठवलं?"

"तेव्हा वादात होतो ना."

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. चार दिवस उरले होते आणि मी फोटोच्या दिशेने निघून उलटा कुठेतरी पोचलो होतो.

तरी चौथ्या दिवशी केसांकडे वळलो, कारण निदान केस काळे झाले तर कारकुनाची पहिली नजर फसते, हे मी अनुभवाने सांगतो. कडक कॉफी उकळून, दह्यात कालवून डोक्याला थापायची आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून दोन तास बसायचं. केसांनी कॉफी साफ नाकारली, कपाळाने स्वीकारली. पिशवी काढली तेव्हा केस पूर्वीसारखेच पांढरे, आणि भुवयांच्या वर कानापासून कानापर्यंत एक रुंद तपकिरी पट्टा. साबणाने गेला नाही. बायकोने भांड्यांच्या घासणीकडे पाहिलं तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

पट्टा घालवायला लेपकाकूंनी कच्च्या पपईची साल आणली. "हिने मांससुद्धा मऊ होतं," त्या कौतुकाने म्हणाल्या. हे वाक्य ऐकून मी थांबायला हवं होतं. पण माणूस घाबरला की जो कुणी ठाम आवाजात बोलतो त्याचं ऐकतो, आणि लेपकाकूंचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ठाम ऐकू येतो. पाचव्या दिवशी सकाळी माझा उजवा डोळा उघडेना. गाल टमटमीत सुजले होते, तोंड लाल झालं होतं, आणि त्या लालीवर लिंबाचे पट्टे आणि वर कॉफीचा पट्टा.

त्याच दिवशी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन छताकडे धरून बोललो.

"बाबा, मला पंखाच दिसतोय."

"हो, जरा कॅमेरा बिघडलाय."

"तुमचं पासपोर्टचं होतंय ना?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "आईला सांगू नका, पण मला फार भीती वाटतेय. तुम्ही दोघं असलात तर बरं वाटेल."

"येतोय आम्ही," मी म्हणालो. "नक्की येतोय." बायकोने दारातून सगळं ऐकलं होतं. ती फ्रीजमधून बर्फ आणून माझ्या गालावर धरून बसली. मला स्वतःची लाज वाटली.

सहाव्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून अंड्याचा पांढरा बलक. सूज ओढून धरायला. बलक तोंडाला लावून वाळू द्यायचा, तोवर बोलायचं नाही, हसायचं नाही, भुवई उचलायची नाही, नाहीतर तडे जातात. डोळ्यांवर काकडी. हसण्याचा प्रश्नच नव्हता. मी खुर्चीत ताठ बसलो होतो आणि दाराची घंटा वाजली.

पडताळणीचा हवालदार होता. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो का हे बघायला येतो तो. महिनाभर लोक त्याची वाट बघतात. आमच्याकडे तो सांगून न येता नेमका बलक वाळायच्या वेळी आला. त्याने फाइल उघडली, फोटो पुढे धरला आणि बायकोला विचारलं, "हे इथे राहतात का?"

"राहतात."

"आता कुठे आहेत?"

बायकोने माझ्याकडे बोट केलं. मी काकड्या काढल्या. हवालदाराने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. ती नजर मी ओळखली, कारण बावीस वर्षं ती माझी होती. पलीकडच्या बाजूने ती इतकी थंड लागते हे मला ठाऊक नव्हतं.

"नाव सांगा."

मी मान हलवली आणि तोंडाकडे बोट दाखवलं.

"बोलता येत नाही?"

"येतं हो," बायको म्हणाली. "फक्त अजून सात मिनिटं नाही."

हवालदार म्हणाला, मग शेजारचा कुणीतरी जबाबदार माणूस ओळख पटवायला बोलवा. केमिस्टकाका लगेच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. अठरा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. माझ्याकडून त्यांनी तीनदा शिडी नेली आहे आणि दोनदा परत आणली आहे. हवालदाराने फोटो दाखवून विचारलं, "हे तेच गृहस्थ का?"

काकांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. माझ्याभोवती एक फेरी मारली. ते सरळ माणूस आहेत, ही त्यांची मोठीच अडचण आहे. "सही करायची आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग खात्रीने सांगता येणार नाही."

मी ओरडलो. बलक कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकला आणि त्याचे पापुद्रे हवालदाराच्या फाइलवर पडले. आवाज ऐकून मात्र काका म्हणाले, "हां, हे तेच. आवाज तोच आहे." हवालदाराने पापुद्रे झटकले आणि शेरा लिहिला. मी उलट्या बाजूने वाचला, खिडकीवर बसून मला ते जमतं: 'अर्जदार घरी आढळला. चेहरा ओला असल्याने जुळवता आला नाही.'

आठव्या दिवशी अकरा वाजता मी पासपोर्टच्या कचेरीत गेलो. बायको बरोबर होती. तिने पिशवीत माझे आजवरचे सगळे फोटो आणले होते, शाळेच्या गटफोटोसकट, म्हणजे माणूस कसा कसा बिघडत गेला हे क्रमाने दाखवता येईल. आमचा नंबर लागला. खिडकीवर एक तरुण बाई होत्या. त्यांनी फाइल उघडली, शेरा वाचला, पुन्हा वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

मी बोलायला सुरुवात केली आणि थांबताच येईना. फोटोग्राफर, बटाटा, लिंबू, पपई, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "बाई, मी स्वतः या कामात आहे. हा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी परत केला असता. पण माझी मुलगी तिकडे बाळंत होणार आहे, आणि तिला भीती वाटतेय." मागच्या रांगेतला एक माणूस घसा खाकरून दुसरीकडे बघायला लागला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो फोटो आम्ही बघत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तो नुसता फाइलच्या कव्हरसाठी असतो. पासपोर्टवरचा फोटो इथेच काढतो. जुन्या पासपोर्टवरून बोटांचे ठसे जुळले की झालं. सरळ बघा. हलू नका."

मी काही म्हणायच्या आत उजेड चमकला. समोरच्या पडद्यावर माझा फोटो आला: एक डोळा अर्धा मिटलेला, गाल सुजलेले, तोंड लाल, कपाळावर कॉफीचा पट्टा. दहा वर्षं चालणारा. मी विचारलं, सूज उतरल्यावर पुन्हा काढता येईल का. त्या म्हणाल्या, "एकदा काढलेला फोटो बदलता येत नाही."

दोन आठवड्यांत पासपोर्ट घरी आला. तोवर मीही घरी आलो होतो, म्हणजे माझा स्वतःचा चेहरा. सूज गेली, पट्टे गेले, डाग जुनेच तेवढे राहिले. बायको पासपोर्ट उघडून आनंदाने बघत होती. एकाएकी तिने तो माझ्या कानाशेजारी धरला.

"अहो," ती म्हणाली, "हा तर तुमच्याशी जुळत नाही."

व्हिसा जुन्या पासपोर्टवरचाच चालणार होता, विमानाला सहा दिवस होते. विमानतळावरही खिडक्या असतात आणि खिडक्यांवर माणसं असतात. मी रात्रभर कूस बदलत राहिलो आणि सकाळी उठून स्वतःच लेपकाकूंची घंटा वाजवली. या वेळी काम शिस्तीत झालं. काकूंनी आठवून क्रम लिहून दिला: लिंबू, ऊन, कॉफी, पपई. बलक नको, त्याने फोटोवर काही फरक पडला नव्हता. केमिस्टकाका रोज संध्याकाळी पासपोर्ट आणि मोजपट्टी घेऊन यायचे. "डावा गाल अजून कमी आहे," ते म्हणायचे, आणि काकू तिथे आणखी एक साल चोळायच्या. मागच्या खेपेला सही करायला नकार दिल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं, म्हणून या वेळी ते फार बारकाईने मोजत होते. आदल्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता कुठेही सही करतो." मला भरून आलं, पण डोळे सुजल्यामुळे ते बाहेर पडलं नाही.

विमानतळावरच्या माणसाने पासपोर्ट उघडला, वर बघितलं आणि शिक्का मारला. अर्धा सेकंद. बावीस वर्षांत मी कुणाला अर्ध्या सेकंदात सोडलेलं नाही. मला खरं तर थोडा अपमानच वाटला. बायकोने मात्र माझा दंड घट्ट धरला आणि डोळे मिटून सरकत्या जिन्यावर पाय टाकला.

उतरल्यावर जावई न्यायला आला होता. त्याने सासूला वाकून नमस्कार केला, तिची बॅग घेतली आणि माझ्या पलीकडे बघत विचारलं, "बाबा मागून येताहेत का?" मग मला पाहून त्याने स्वतःला सावरलं, भला मुलगा आहे. म्हणाला, बाळाने आपली वाट बघितली नाही. आम्ही विमानात असतानाच मुलगी झाली, दोन आठवडे आधी. दोघीही सुखरूप आहेत.

आम्ही थेट दवाखान्यात गेलो. लेक पलंगावर टेकून बसली होती, थकलेली, केस विस्कटलेले. आईच्या गळ्यात पडून रडली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि रडता रडता थांबली.

"हे काय केलंत, बाबा?"

"तुझ्याकडे यायचं होतं," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. ती हसायला लागली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली, आणि परत रडली.

तेवढ्यात नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. दारावर पाटी होती, जवळच्या नातेवाइकांनी ओळखपत्र दाखवल्याशिवाय बाळ हातात देत नाहीत. मी घाईघाईने पासपोर्ट काढून पुढे केला. एवढ्या लांब येऊन इथेही कुणी परत पाठवलं तर माझ्याकडे तोंडाला लावायला दुसरं काही उरलं नव्हतं. नर्सने पासपोर्टला हातही लावला नाही. तिने दुपटं जरा बाजूला केलं. आत माझी नात होती: तोंड लालबुंद, गाल टमटमीत, एक डोळा उघडेना, कपाळावर तपकिरी लव. नर्सने बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत बाळाकडे, आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ती?" मी घाबरून विचारलं.

जावयाने हसू दाबलं. "म्हणते, कागद राहू द्या. चेहरा जुळतोय."

मी पासपोर्ट खिशात टाकला आणि दोन्ही हात पुढे केले.